औषध नियामक यंत्रणा काय करते, काय करत नाही: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हडपसरमध्ये लशी तयार होतात, पिंपरीत प्रतिजैविके बनवण्यासाठी १९५४ मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली, राष्ट्रीय विषाणू संस्था याच शहरात आहे आणि सदाशिव पेठेतील घाऊक दुकानांतून रोज औषधांची खोकी बाहेर पडत असतात. एवढे सगळे हाताच्या अंतरावर असूनही एखाद्या गोळीबद्दल शंका आली की आपण आधी मेडिकलवाल्याशी वाद घालतो, मग व्हॉट्सॲपवर लिहितो आणि ज्या कार्यालयाचे ते काम आहे तिथपर्यंत सहसा पोहोचतच नाही. ग्राहक मार्गदर्शनाच्या कामात गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

देशाचा औषध नियामक म्हणजे नेमके कोण?

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे बोलण्यात ‘सीडीएससीओ’. तिचे मुख्यालय दिल्लीत कोटला मार्गावर असून ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाखाली काम करते. तिच्या प्रमुखांना भारताचे औषध महानियंत्रक म्हणतात. करोनाच्या काळात वर्तमानपत्रांत रोज येणारे ‘डीसीजीआय’ ते हेच. तिचे अधिकार मुख्यतः औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांतून येतात. मूळ कायदा केवळ औषधांचा होता; सौंदर्यप्रसाधने त्यात १९६२ मध्ये आली.

‘आरोग्य नियामक’ या शब्दामुळे अनेकांचा असा समज होतो की दवाखाने, डॉक्टर, प्रयोगशाळा, खाणावळी हे सारे एकाच छत्राखाली येते. तसे नाही. ही संघटना वस्तूंवर लक्ष ठेवते: औषध, लस, रक्त व रक्तघटक, वैद्यकीय उपकरण आणि सौंदर्यप्रसाधन. ती वस्तू लिहून देणारा डॉक्टर बरोबर वागला की चूक, हे ठरवणे तिच्या कामात येत नाही.

मग महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन कशासाठी आहे? दोन्ही एकच काम करतात का?

नाही, आणि हा फरक समजला तर निम्मी धावपळ वाचते. नव्या औषधाला देशात परवानगी द्यायची की नाही, मानवी चाचण्या होऊ द्यायच्या की नाही, परदेशातून औषध आणू द्यायचे की नाही, हे केंद्र ठरवते. ते औषध एखाद्या कारखान्यात तयार करण्याचा परवाना, घाऊक आणि किरकोळ विक्रीचे परवाने, दुकानांची तपासणी, बाजारातून नमुने उचलणे आणि खटले भरणे हे काम प्रामुख्याने राज्याचे आहे. लशी, रक्तकेंद्रे आणि शिरेतून देण्याचे सलाइनसारखे द्रव या जोखमीच्या गोष्टींत राज्याने दिलेल्या परवान्याला केंद्राचीही मान्यता लागते.

म्हणून कोथरूडच्या दुकानात विकलेल्या औषधाबद्दल तक्रार असेल, तर दिल्लीला पत्र लिहिण्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयातील औषध शाखेकडे जाणे उपयोगाचे. तेथे औषध निरीक्षक असतात, त्यांच्या वर सहायक आयुक्त आणि विभागाचे सहआयुक्त असतात. आपल्या राज्यात अन्न आणि औषध एकाच प्रशासनाखाली असल्यामुळे भेसळयुक्त पनीर आणि संशयास्पद इंजेक्शन यांच्या तक्रारी एकाच इमारतीत पोहोचतात, पण त्यांच्या शाखा, अधिकारी आणि कायदे वेगवेगळे असतात.

ही वाटणी कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी प्रत्यक्षात राहिलेली नाही. दोन-तीन औषधे एका गोळीत एकत्र करून केलेली मिश्रणे हे त्याचे ठळक उदाहरण. अशी मिश्रणे कायद्याने ‘नवे औषध’ ठरत असल्यामुळे त्यांना आधी केंद्राची मंजुरी हवी होती. परंतु कित्येक राज्यांच्या परवाना अधिकाऱ्यांनी तिची वाट न पाहता उत्पादनाचे परवाने दिले. पुढे केंद्राने समिती नेमली, मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, कंपन्या न्यायालयात गेल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी करायला सांगितली आणि अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. तोपर्यंत ही औषधे वर्षानुवर्षे घराघरांत खाल्ली गेली होती. ज्या वस्तूला परवाना देणारे एक आणि मंजुरी देणारे दुसरे, तिच्याबाबत ‘मला वाटले तुम्ही पाहिले असेल’ असे होण्याला वाव राहतो.

औषधांवर सरकारचे एवढे नियंत्रण मुळात आले कशामुळे?

बहुतेक देशांत ते मृत्यूंमुळे आले. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध द्रवरूपात देण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले गेले. हा पदार्थ चवीला गोडसर असतो आणि मूत्रपिंडे निकामी करतो. शंभराहून अधिक माणसे, त्यांत कित्येक लहान मुले, दगावली. विक्रीपूर्वी औषध सुरक्षित असल्याचे दाखवण्याची सक्ती करणारा कायदा तिथे पुढच्याच वर्षी झाला. भारतात कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये बाजारातील निकृष्ट आणि भेसळीच्या औषधांचे चित्र मांडले होते. १९४० च्या कायद्यामागे तिच्या शिफारशी आहेत.

खेदाची गोष्ट अशी की तेच डायएथिलीन ग्लायकॉल आपल्याकडे पुन्हा पुन्हा परतत राहिले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये ते मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांचे दोष नोंदवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियातील बालमृत्यूंच्या संदर्भात भारतात बनलेल्या सिरपांबद्दल इशारा दिला. त्यानंतर १ जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपची सरकारमान्य प्रयोगशाळेत आधी तपासणी सक्तीची झाली. २०२५ च्या शरद ऋतूत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मुले दगावली, तेव्हा तमिळनाडूत तयार झालेल्या एका सिरपच्या नमुन्यात हा विषारी पदार्थ ४८.६ टक्के सापडला. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

असे का होते, याचे उत्तर रसायनशास्त्रात कमी आणि खरेदीच्या सवयीत जास्त आहे. सिरपला गोडी आणि दाटपणा आणणारे प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन औषधी दर्जाचे घ्यायचे, की कारखान्यांत रंग व शाई यांसाठी वापरतात त्या स्वस्त दर्जाचे घ्यायचे, हा निर्णय उत्पादकाच्या खरेदी विभागात होतो. आलेल्या प्रत्येक पिंपातून नमुना घेऊन तपासला, तर दोष तिथेच पकडला जातो. ही तपासणी उत्पादकाने करायची असते आणि त्याने ती केली की नाही हे निरीक्षकाने पाहायचे असते. या दोन्ही गोष्टी टळल्या की पुढे कोणालाही काही कळत नाही, कारण सिरप दिसायला आणि चवीला अगदी नेहमीसारखेच असते.

नवे औषध मंजूर कसे होते?

प्रयोगशाळा आणि प्राण्यांवरील अभ्यासानंतर कंपनी मानवी चाचण्यांची परवानगी मागते. पहिल्या टप्प्यात मोजक्या व्यक्तींवर औषधाची सुरक्षितता आणि शरीरातील वाटचाल पाहिली जाते, दुसऱ्यात रुग्णांवर मात्रा आणि परिणाम तपासले जातात, तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन प्रचलित उपचाराशी तुलना होते. विषयतज्ज्ञ समित्या हा सारा तपशील वाचून शिफारस करतात आणि निर्णय औषध महानियंत्रक घेतात. २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम आता या सगळ्याला लागू आहेत.

मंजुरीनंतरही प्रकरण बंद होत नाही. औषध चार वर्षे कायद्याच्या दृष्टीने ‘नवे’च राहते आणि कंपनीला त्याच्या सुरक्षिततेचे अहवाल पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे वर्षातून एकदा द्यावे लागतात. लशींना तर ‘नवे’पणातून सुटका कधीच नाही.

मंजूर झालेले औषध पूर्ण सुरक्षित असते, असे समजावे का?

नाही. मंजुरीचा अर्थ इतकाच की, ठरावीक आजारासाठी, ठरावीक वयाच्या रुग्णांना, ठरावीक मात्रेत दिल्यास अपेक्षित लाभ हा ज्ञात धोक्यापेक्षा जास्त आहे, असे त्या दिवशी उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून ठरले. पुरावा बदलला की निर्णयही बदलतो, आणि तो बदलणे हे यंत्रणा जिवंत असल्याचे लक्षण आहे. निमेसुलाइड हे ताप-वेदनेवरचे औषध एके काळी लहान मुलांना सर्रास दिले जाई; २०११ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली. सर्दीच्या औषधांतले क्लोरफेनिरामिन व फिनाइलएफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाले. घरात जुनी बाटली असेल आणि तिच्यावर हा इशारा नसेल, तर तो नियम त्या बाटलीलाही लागू आहे असेच समजावे. ‘थोरल्याला दिले होते, धाकट्यालाही चालेल’ हा आपल्या घरांतला हिशोब इथे उपयोगाचा नाही.

लशींसाठी नियम वेगळे आहेत का? पुण्याचा यात काय संबंध?

बरेच वेगळे आहेत. गोळी हे रसायन असते. तिची प्रत्येक खेप रासायनिकदृष्ट्या सारखी आहे हे दाखवणे तुलनेने सोपे. लस जिवंत पेशींच्या किंवा सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने वाढवलेली असल्यामुळे प्रत्येक खेपेत फरक पडण्याची शक्यता राहते. त्यामुळे कारखान्याची स्वतःची चाचणी झाल्यावरही प्रत्येक खेपेची कागदपत्रे आणि नमुने हिमाचल प्रदेशातील कसौली येथील केंद्रीय औषध प्रयोगशाळेच्या तपासणीतून जातात आणि त्यानंतरच ती खेप बाजारात किंवा लसीकरण मोहिमेत येते.

पुणेकरांनी हे सारे २०२१ मध्ये अनुभवले. सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्हिशील्डला ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन मर्यादित वापराची परवानगी जाहीर झाली, १२ जानेवारीला पहाटे मांजरीच्या आवारातून पहिले ट्रक विमानतळाकडे निघाले आणि १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झाले. ‘आपत्कालीन’ शब्दामुळे लस अर्धवट तपासलेली आहे, अशी चर्चा तेव्हा पेठापेठांतून होत होती. वस्तुतः भारतातील १,६०० सहभागी आणि परदेशातील चाचण्यांची माहिती त्या निर्णयापुढे होती. आपत्कालीन परवानगीत दीर्घकालीन माहितीची वाट न पाहता, ती पुढे देत राहण्याच्या अटीवर वापर सुरू होतो. कोव्हिशील्डला सशर्त विपणन परवानगी, म्हणजे अटींसह बाजारात विकण्याची मुभा, २७ जानेवारी २०२२ रोजी मिळाली. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला अशीच आपत्कालीन परवानगी जून २०२२ मध्ये मिळाली.

आपल्या शहराच्या दृष्टीने आणखी एक दुवा महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था गरीब देशांसाठी ज्या लशी विकत घेतात, त्यांना जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता लागते. आणि ती पूर्वमान्यता कारखान्याच्या गुणवत्तेबरोबरच त्या देशाचा नियामक सक्षम आहे की नाही यावरही अवलंबून असते. म्हणजे दिल्लीच्या कार्यालयातील कामकाज ढिले पडले तर हडपसरच्या लशीची निर्यात अडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या लस नियामक व्यवस्थेला चारपैकी तिसऱ्या पातळीची सक्षम व्यवस्था म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा मान्यता दिली. मलेरियाच्या आर-ट्वेंटीवन लशीसारखी पुण्यात बनणारी लस आफ्रिकेतील बाळापर्यंत पोहोचते, त्यामागे हा शिक्काही असतो.

रुग्णालयात ‘नव्या औषधाच्या अभ्यासात सहभागी व्हाल का’ असे विचारले. काय पाहावे?

पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत आणि संशोधन केंद्रांत अशा चाचण्या सतत चालू असतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही कधीतरी विचारला जाऊ शकतो. घाबरण्याचे कारण नाही आणि भारावून जाण्याचेही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ती चाचणी भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत, म्हणजे ‘सीटीआरआय’वर, नोंदलेली असली पाहिजे, १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती कोणालाही संकेतस्थळावर पाहता येते. दुसरी गोष्ट म्हणजे सहभागींचे हक्क आणि सुरक्षितता पाहणारी संस्थेची नैतिकता समिती. तिच्यात किमान सात सदस्य असतात आणि त्यांत वैद्यकाशी संबंध नसलेली सर्वसामान्य व्यक्ती, स्त्री सदस्य आणि कायद्याचा जाणकार असावा लागतो. संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत मागा, घरी नेऊन वाचा आणि त्याची प्रत जवळ ठेवा. ‘इथे सही करा, बाकीचे आम्ही भरतो’ असे कोणी म्हटले तर सही न करता उठावे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीदरम्यान गंभीर इजा झाली तर चाचणी करणाऱ्या डॉक्टरांनी २४ तासांत ती नियामकाला, प्रायोजकाला (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला) आणि नैतिकता समितीला कळवायची असते. उपचार मोफत मिळतात आणि इजा चाचणीमुळे झाली असे ठरल्यास प्रायोजकाने भरपाई द्यायची असते.

मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय औषध देत नाही. त्याला तसा अधिकार आहे का?

अधिकार नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. औषधांच्या काही अनुसूची, म्हणजे नियमांनी ठरवलेल्या याद्या, आहेत. अनुसूची ‘एच’मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात, गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ आणि ‘आरएक्स’ हे चिन्ह असते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-वन’मध्ये वरच्या पिढीतील प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे आहेत, त्यांच्या विक्रीत डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. अनुसूची ‘एक्स’ त्याहून कडक: चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानात राहते.

लाल रेघ असलेली प्रतिजैविके मागणारे आणि देणारे दोघेही अजून भरपूर आहेत. घसा खवखवतो म्हणून तीन गोळ्या मागायच्या, बरे वाटले की उरलेल्या ड्रॉवरमध्ये टाकायच्या, ही सवय नियामक मोडू शकणार नाही.

औषध बनावट किंवा खराब वाटले तर काय करावे?

सर्वांत आधी ते फेकू नका आणि दुकानदाराला परतही देऊ नका. गोळ्या मूळ पट्टीत, सिरप मूळ बाटलीत झाकण लावून, सूचनेत सांगितलेल्या तापमानात ठेवा. औषधाचे नाव, उत्पादक, परवाना क्रमांक, खेपेचा म्हणजे बॅचचा क्रमांक, उत्पादन व मुदतीची तारीख यांची छायाचित्रे घ्या. आणि बिल जपा. या लेखकाच्या घरी काही वर्षांपूर्वी डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीत कण तरंगताना दिसले. तक्रार करायला गेल्यावर पहिला प्रश्न बिलाचा आला आणि बिल घेतलेलेच नव्हते, कारण दुकानदाराने ‘दहा रुपये कमी घेतो’ म्हटले होते. बाटली कुठून आली हेच सिद्ध करता आले नाही. बिलावर बॅच क्रमांक असतो आणि त्यावरून माल किरकोळ दुकानातून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून कारखान्याच्या नोंदींपर्यंत मागे नेता येतो. बिल नसेल तर ही साखळी पहिल्या कडीलाच तुटते.

देशातील सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे. तो मोबाइलवर तपासून येणारा बॅच क्रमांक आणि पट्टीवर छापलेला क्रमांक जुळतो का, ते पाहावे. कोड नुसता छापलेला असणे हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्यावी; त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. निरीक्षक दुकानातून नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतात: एक दुकानदाराला, एक सरकारी विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी आणि एक ज्याच्याकडून माल आला त्याच्यासाठी. विश्लेषकाच्या अहवालाला आव्हान द्यायचे असेल तर प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत तसे कळवावे लागते. ही पद्धत संथ वाटते, पण याच कागदांवर पुढे खटला उभा राहतो आणि एक सही चुकली तरी तो पडतो.

फार कमी लोकांना ठाऊक असलेली तरतूद म्हणजे कलम २६. कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना शुल्क भरून औषधाचा नमुना सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते आणि तिला त्याचा अहवाल मिळण्याचा हक्क आहे.

‘बनावट’ आणि ‘अप्रमाणित दर्जाचे’ यांत काय फरक?

कायद्यात फरक मोठा आहे आणि बातम्यांत तो बहुधा पुसला जातो. दुसऱ्याच्या नावाने विकलेले, नक्कल केलेले किंवा अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचे नाव लावलेले औषध बनावट ठरते. कुजलेले, अस्वच्छ जागी बनवलेले किंवा विषारी पदार्थ मिसळलेले औषध भेसळयुक्त ठरते. लेबलावर खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा असेल तर ते मिथ्या छापाचे. आणि खऱ्या कंपनीने परवान्यानिशी बनवलेले औषध चाचणीत उतरले नाही, उदाहरणार्थ गोळी ठरावीक वेळेत विरघळली नाही किंवा घटक कमी भरला, तर ते अप्रमाणित दर्जाचे. केंद्रीय संघटना दर महिन्याला अशा नापास बॅचची यादी संकेतस्थळावर टाकते. त्या यादीत एखाद्या नामांकित कंपनीचे नाव आले म्हणून तिची सगळी औषधे टाकून देण्याची गरज नसते. यादी बॅचची असते, कंपनीची नाही. आपल्या पट्टीवरचा क्रमांक जुळला तर मात्र ते औषध थांबवून डॉक्टरांशी बोलावे. बनावट किंवा भेसळयुक्त औषधामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास शिक्षा किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे.

औषध अस्सल होते, पण त्रास झाला. कोणाला सांगायचे?

आधी डॉक्टरांना. त्यानंतर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाला, ज्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः किंवा त्याचे नातेवाईकही नोंद करू शकतात. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत अशी नोंद घेणारी केंद्रेही आहेत. त्रास औषधामुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची नाही. काही हजार लोकांच्या चाचणीत दहा हजारांत एकाला होणारा दुष्परिणाम दिसेलच असे नाही; तो लाखो लोकांनी औषध घेतल्यावर, आणि त्यांनी कळवल्यावरच दिसतो.

पट्टीवर महिना आणि वर्षच लिहिले आहे. मुदत नक्की केव्हा संपते?

त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. डोळ्यांचे थेंब आणि पाणी घालून तयार करायची सिरपे यांना मात्र बाटली उघडल्यानंतरची वेगळी, पुष्कळ कमी मुदत असते.

किमती हाच नियामक ठरवतो का?

नाही. ते काम १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाचे आहे आणि ते रसायन व खते मंत्रालयाखाली येते. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील (२०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत) औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. इतरांची छापील किंमत वर्षभरात दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही.

आयुर्वेदिक औषधांना ही मंजुरी लागते का? आणि प्रोटीन पावडरला?

आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी त्याच कायद्यात वेगळे प्रकरण आहे. उत्पादनाचा परवाना राज्य देते, परंतु ग्रंथोक्त पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाला नव्या ॲलोपॅथिक औषधासारख्या मानवी चाचण्यांतून जावे लागत नाही. त्यामुळे बाटलीवर परवाना क्रमांक आहे याचा अर्थ ‘या आजारावर गुणकारी ठरले आहे’ असा काढू नये. मधुमेह, मोतीबिंदू, कर्करोग अशा आजारांवर उपाय म्हणून औषधाची जाहिरात करण्याला १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, मग ते औषध कोणत्याही पद्धतीचे असो. रिक्षाच्या पाठीवर आणि केबलच्या वाहिनीवर अशा जाहिराती रोज दिसतात, आणि त्यांचे छायाचित्र काढून, तारीख घालून तक्रार करणारे फार थोडे.

प्रोटीन पावडर, जीवनसत्त्वांच्या च्युइंग गोळ्या आणि ‘हेल्थ ड्रिंक’ ही बहुधा अन्न म्हणून विकली जातात. त्यांच्यावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असतो आणि ती अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली येतात. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूने रोग बरा करण्याचा दावा करायचा नसतो. म्हणून डबा हातात घेतल्यावर आधी औषधाचा परवाना आहे की अन्नाचा, ते पाहावे. दोन्ही नसेल तर तो डबा घेऊच नये.

ग्लुकोमीटर, रक्तदाबाचे यंत्र, तपासणी किट यांवर कोणाचे लक्ष असते?

१ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आणली गेली. जोखमीनुसार त्यांचे ‘ए’ ते ‘डी’ असे चार वर्ग आहेत. देशात बनणाऱ्या कमी जोखमीच्या वर्गांचा उत्पादन परवाना राज्य देते, जास्त जोखमीच्यांचा केंद्र. मार्च २०२० मध्ये करोना तपासणीच्या पहिल्या भारतीय आरटीपीसीआर किटला मंजुरी मिळाली, ते पुण्याच्या मायलॅब कंपनीचे होते.

डॉक्टरांनी चुकीचे उपचार केले किंवा रुग्णालयाने बिल फुगवले, तर ही तक्रार इथे करता येईल का?

येथे नाही. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, रुग्णालयाच्या नोंदणीबद्दल महापालिकेचा आरोग्य विभाग आणि सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोग. मात्र रुग्णालयाच्याच औषध दुकानात मुदत संपलेले इंजेक्शन मिळाले, तर ती तक्रार पुन्हा अन्न व औषध प्रशासनाची.

तक्रार दिली, पुढे काहीच कळले नाही. आता काय?

तक्रार देतानाच पोच घ्यावी. आवक क्रमांक आणि शिक्का नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा करता येत नाही. त्यानंतर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली नेमके प्रश्न विचारावेत: नमुना कोणत्या तारखेला घेतला, विश्लेषकाकडे केव्हा पाठवला, अहवालाचा निष्कर्ष काय, त्या बॅचचा किती माल परत बोलावला. ‘कारवाई का केली नाही’ असा प्रश्न विचारल्यास उत्तर टाळणे सोपे जाते, कारण कायद्याने मागता येते ती नोंदींतली माहिती. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर त्याच कार्यालयातील प्रथम अपील अधिकाऱ्याकडे पुढच्या ३० दिवसांत अपील करावे आणि त्याला मूळ तक्रारीच्या पोचेची प्रत, बिलाची प्रत व पट्टीवरील बॅच क्रमांकाचे छायाचित्र जोडावे.